आपल्या मागच्या पट्टीचा इतिहास

स्मरणिका समितीची मुलं घरी आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही पहिल्यापासून आहात, सोसायटीचा इतिहास तुम्हीच लिहा." मी म्हटलं, प्लॉट कसा मिळाला, पहिली कमिटी कशी झाली, पाण्याचा टँकर कितीला पडायचा, गणपतीचं पहिलं वर्ष कसं गेलं, हे लिहिणारे अंकात चार जण आहेत. माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मी एका वेगळ्या सभासदाचा इतिहास लिहितो. त्याचं नाव शेअर सर्टिफिकेटवर नाही आणि त्याने मेंटेनन्सही कधी भरलेला नाही. तो म्हणजे आपल्या इमारतीमागची, नाल्याच्या कडेची अठरा फूट रुंद आणि साधारण एकशेचाळीस फूट लांब पट्टी.

काही जण तिला 'जंगल' म्हणतात, काही 'कचरा'. येत्या सर्वसाधारण सभेत ती साफ करून पेव्हर ब्लॉक टाकण्याचा आणि तिथे गाड्या लावण्याचा विषय आहे. तेव्हा सभेआधी तिचा हिशेब सर्वांसमोर ठेवावा असं मला वाटलं. आयुष्यभर बँकेत हिशेबच केला, दुसरं येतं काय?

खरं म्हणजे मी बी.एस्सी. वनस्पतीशास्त्र. १९७१ साली पास झालो. त्या काळी आमच्यासारखे पुष्कळ जण बँकेच्या परीक्षा देऊन चिकटले, तसा मीही. पण कॉलेजात शिकलेला एक धडा डोक्यातून गेला नाही, तो म्हणजे 'अनुक्रमण'. मोकळी जमीन मोकळी राहत नाही. तिथे एकापाठोपाठ एक वनस्पतींचे समूह येतात. आधी आलेले पुढच्यांसाठी जागा तयार करतात आणि बहुतेक वेळा स्वतः मागे सरतात. जमीन अगदी उघडा खडक असेल तर सुरुवात शून्यापासून होते. शेत पडीक टाकलं किंवा जंगल तोडलं, तर माती आणि बिया आधीच असतात, त्यामुळे गाडी मधल्या स्टेशनवरून सुटते.

ही गोष्ट पाहायला फार लांब जावं लागत नाही. पावसाळ्यात कोंडेश्वरला आपली सहल गेली होती, आठवत असेल. ओढ्याच्या काठचा काळा कातळ म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा दगड. त्यावर आधी दिसतात ते राखाडी-हिरवे डाग. गोड्या मसाल्यात आपण दगडफूल घालतो ना, त्याच जातकुळीतले. ते खडक कणाकणाने झिजवतात. मग मखमलीसारखं शेवाळ येतं आणि ते धूळ धरून ठेवतं. फटीत जरा माती साठली की नेचे, तेरडा, गवत. त्याच्या वरच्या अंगाला करवंद, तोरण, धायटी, कुडा यांची झुडपं. आणखी वर पळस, पांगारा, काटेसावर. आणि जिथे माती खोल आहे आणि कोणी फारशी कुऱ्हाड चालवलेली नाही, तिथे साग, ऐन, किंजळ, बोंडारा. ओढ्यापासून टेकडीकडे शंभर पावलं चाललात की शेदोनशे वर्षांचा प्रवास एका सकाळी होतो.

हीच युक्ती अमेरिकेत हेन्री काउल्स या शास्त्रज्ञाने वापरली. मिशिगन सरोवराच्या काठावरच्या वाळूच्या टेकड्यांवर तो पाण्यापासून आत चालत गेला. काठाजवळची वाळू नवी, आतली जुनी. झाडं कशी बदलत जातात हे त्याने १८९९ साली मांडलं. त्याआधी १८८३ मध्ये इंडोनेशियातल्या क्राकाटोआ बेटावर ज्वालामुखी फुटला आणि बेटावरचं सगळं जळून राखेखाली गेलं. पुढच्या वर्षी गेलेल्या लोकांना तिथे सजीव म्हणून एक बारीक कोळी सापडला. तीन वर्षांनी नेचे उगवलेले दिसले. पन्नास वर्षांत तिथे पुन्हा जंगल होतं. कोणी वृक्षारोपणाचा कार्यक्रम केला नव्हता, नारळही फोडला नव्हता.

आता आपल्या खोऱ्याकडे येऊ, कारण आपली पट्टी काही आकाशातून पडलेली नाही. राजमाचीच्या डोंगरात उगम पावून उल्हास नदी कर्जत, बदलापूर, कल्याण करत वसईच्या खाडीला जाते. या खोऱ्यातलं मूळ जंगल साग आणि ऐनाचं, उन्हाळ्यात पानं गाळणारं. ते कसं असेल याची कल्पना यायची असेल तर कर्जत-मुरबाडकडच्या एखाद्या जुन्या देवराईत जाऊन उभं राहावं. अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे इ.स. १०६० चं, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातलं. वालधुनीच्या काठी ते काळ्या दगडात घडवलं, तेव्हा आजूबाजूला अशीच झाडी असणार.

पण जंगल आपलं आपण वाढत राहिलं, असं मात्र झालं नाही. इथला भातशेतकरी 'राब' भाजायचा. उन्हाळ्यात ऐनाच्या आणि इतर झाडांच्या फांद्या छाटायच्या, शेण, पालापाचोळा, गवत यांचे थर रोपवाटिकेच्या तुकड्यावर पसरायचे आणि पेटवायचे. तणाचं बी मरतं, राख खत होते, रोप तरारून येतं. अजूनही काही ठिकाणी राब भाजतात. झाड मरत नसे, पण वर्षानुवर्षं छाटून ते खांबासारखं राही. कातकरी मंडळी खैरापासून काथ काढत. 'काथोडी' हे त्यांचं नाव त्यावरूनच आलं. पुढे ते कोळसा पाडू लागले.

मग आली आगगाडी. १८५४ मध्ये कल्याणपर्यंत आणि १८५६ मध्ये कल्याणहून पुढे खोपोलीपर्यंत. रुळांखाली घालायला स्लीपर हवेत, पुलांना आणि इमारतींना लाकूड हवं, मुंबईच्या चुलींना जळण हवं. १८७८ चा वनकायदा आला, सरकारने जंगलाला हद्दी घातल्या. राबासाठी फांद्या तोडण्यावरून रयत आणि जंगलखातं यांच्यात इतकं वाजलं, की ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यातल्या तक्रारी ऐकायला १८८५ साली मुंबई सरकारला एक आयोग नेमावा लागला. झाड कोणाचं, हा वाद आपल्या जनरल बॉडीत सुरू झालेला नाही, एवढंच सांगायचं आहे.

या सगळ्यातून डोंगर उघडे झाले. उघडे झाले तर पुन्हा भरायला हवे होते, अनुक्रमणाचा नियमच आहे. पण दरवर्षी मार्च ते मे वणवे लागतात, काही लागतात आणि काही लावले जातात. आगीत कुसळी गवत वरून जळतं, पण पहिल्या पावसाला मुळातून पुन्हा फुटतं. सागाचं, ऐनाचं वीतभर रोप दरवर्षी जळत राहतं. म्हणजे डोंगर गवताच्या इयत्तेत नापास होत बसतो. पावसाळ्यात आपण स्टेशनवरून पाहतो आणि म्हणतो, वा, काय हिरवेगार डोंगर! त्यातला बराचसा हिरवेपणा गवताचा असतो. खाली, गावाजवळ, कारखान्यांनाही झाडं लागायची. अंबरनाथच्या विम्कोचं नाव माझ्या पिढीला काड्यापेटीमुळे माहीत. काडीला मऊ, हलकं लाकूड लागतं आणि आपल्या देशात त्यासाठी सावर फार वापरली गेली. सावर ही भराभर वाढणारी, पहिल्या फळीतली.

माझी आठ वर्षं उल्हासनगरच्या एका शाखेत गेली. तिथे एक वयस्कर सिंधी खातेदार दर महिन्याला पेन्शनसारखा यायचा आणि काउंटरवर गप्पा मारायचा. लहानपणी आईवडिलांबरोबर आला तेव्हा इथे दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकी आणि काटेरी झुडपं याशिवाय काही नव्हतं, असं तो सांगे. फाळणीनंतर सुमारे लाखभर माणसं या छावणीत आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि 'कल्याण कॅम्प'चं उल्हासनगर झालं. त्या लोकांनी हाताला येईल तो धंदा केला, पापड लाटले, गाडीत गोळ्या विकल्या. तो म्हणायचा, "साहेब, पहिल्यांदा येणाऱ्याने जमीन निवडायची नसते, धरायची असते." मला तेव्हा कॉलेजातलं दगडफूल आठवलं. माणसाला झाडाची उपमा फार ताणू नये हे मला कळतं. पण पहिल्या येणाऱ्याचं काम दोघांचं सारखंच, पुढच्यासाठी माती करायची.

बदलापूरला लोक आले ते घरासाठी. २००१ च्या जनगणनेत हे शहर लाखाच्या आसपास होतं, २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेलं. भातखाचरांचे प्लॉट झाले. त्यातल्याच एका खाचरावर २००० साली आपली सोसायटी उभी राहिली. पाया खणताना निघालेला मुरूम कॉन्ट्रॅक्टरने मागे नाल्याच्या कडेला पसरून दिला. भाताची काळी माती दोन-तीन फूट मुरमाखाली गेली. म्हणजे आपल्या पट्टीची सुरुवात जवळजवळ शून्यापासून झाली. हा झाला ओपनिंग बॅलन्स.

त्याच पावसाळ्यात आपण वनमहोत्सव केला होता. पुढच्या अंगाला चाळीस रोपं लावली, गुलमोहर, सोनमोहर आणि सरळसोट वाढणारा तो खोटा अशोक. फोटो या अंकात आहे, त्यात माझे केस काळे आहेत. पट्टीत मात्र काही लावलं नाही, कारण पहार मुरमात जाईना.

२००१ ते २००८ मी खजिनदार होतो. दर दिवाळीआधी 'मागील बाजूची साफसफाई' असा खर्च मीच मंजूर करून घ्यायचो. जेसीबी यायचा, पट्टी खरवडून लख्ख करायचा. पावसाळ्यात पुन्हा टाकळा, कुर्डू, आघाडा, गाजरगवत. आम्हाला वाटायचं, काय ही हट्टी तणं! खरं तर ती आपलं काम करत होती. ऊन खायचं, भरभर वाढायचं, मरून मुरमावर पाचोळ्याचा पातळ थर द्यायचा. आणि आम्ही दर ऑक्टोबरात तो थर उचलून ट्रॉलीत घालून पाठवत होतो. दर वर्षी सगळी शिल्लक काढून खातं शून्यावर आणायचं, आणि पुन्हा म्हणायचं की व्याज कसं चढत नाही!

२६ जुलै २००५ कोणी विसरलं नसेल. नदीकाठच्या भागाचं जे झालं त्यामानाने आपलं काहीच नाही. पण खरवडलेल्या पट्टीवरचा मुरूम वाहून गटारात गेला, गटार तुंबलं आणि मीटर रूममध्ये मांडीभर पाणी शिरलं. तीन दिवस वीज नव्हती. तळमजल्यावरच्या दोन बिऱ्हाडांचं धान्य, मुलांची पुस्तकं, सगळं गेलं. त्यानंतरही तीन वर्षं मी जेसीबीचं बिल पास केलं. ही माझी चूक होती, ती या निमित्ताने लिहून ठेवतो. वनस्पतीशास्त्राची डिग्री भिंतीवर होती आणि मुरूम गटारात.

२००९ मध्ये गच्चीच्या गळतीचं काम निघालं, फंड आटला आणि साफसफाई बंद पडली. कोणी ठरवून वाचवलं नाही, पैसे नव्हते म्हणून पट्टी वाचली. तेव्हापासून मी संध्याकाळी फिरताना पाहत आलो आणि जुन्या डायरीत टिपत आलो.

पहिली दोन वर्षं टाकळा आणि कुर्डू. आपल्याकडच्या आजी टाकळ्याची कोवळी भाजी तिथूनच आणायच्या. मग उंच गवत. चौथ्या वर्षापर्यंत घाणेरीने अर्धी पट्टी व्यापली. ही परदेशी, बागेची शोभा म्हणून इंग्रजांच्या काळात आलेली. तिची फळं बुलबुल खातात. बुलबुल येऊन बसू लागले आणि दुसऱ्या फळांच्या बिया टाकू लागले. बाभळीची दोन झाडं आली, एक शिरीष आला. या शेंगवर्गीयांच्या मुळांवर गाठी असतात, त्यातले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरून जमिनीला देतात. सुबाभूळही घुसली. ऐंशीच्या दशकात चाऱ्यासाठी, सरपणासाठी हिचा फार उदोउदो झाला होता. ती एकदा शिरली की दुसऱ्याला जागा देत नाही, तिची रोपं मी हाताने उपटतो. नाल्याकडच्या ओल्या टोकाला उंबर आला. आणि २०१२ च्या पावसाळ्यात, घाणेरीच्या जाळीत, सावलीत, मला बोटभर उंचीचं जांभळाचं रोप दिसलं.

बदलापूरची जांभळं तुम्हाला सांगायला नकोत, त्यांना आता भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. जांभळाचं बी फार दिवस टिकत नाही. फळ पावसाच्या तोंडावर पिकतं आणि बी लगेच ओल्या मातीत पडावं लागतं. २००१ च्या तापलेल्या मुरमावर पडलं असतं तर करपलं असतं, आणि रोप आलंच असतं तर शेळीने खाल्लं असतं. अकरा वर्षांनी तिथे पाचोळ्याची माती होती, सावली होती आणि काटेरी जाळीचं कुंपण होतं. म्हणून ते जगलं. त्याला पाणी कोणी घातलं नाही. आज ते दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीला लागलं आहे आणि यंदा दुसऱ्यांदा फळलं. घाणेरी त्याच्या सावलीत आपोआप विरळ झाली.

आता ताळेबंद. आपण खड्डे खणून, पाणी घालून लावलेल्या चाळीस झाडांपैकी आज अकरा उभी आहेत. गुलमोहर तर वादळात एकेक करून गेले, एक गाडीवर पडला होता. न लावलेल्या पट्टीत छातीवर जाणारी सतरा झाडं मी गेल्या महिन्यात मोजली. झाडं लावू नयेत असा याचा अर्थ मुळीच नाही. अर्थ एवढाच, की आपण थेट शेवटच्या इयत्तेत प्रवेश मागितला, पट्टी पहिलीपासून शिकली.

कॉलेजात आम्हाला क्लेमेंट्स या अमेरिकन शास्त्रज्ञाचा १९१६ चा सिद्धांत शिकवला होता. जंगल एखाद्या प्राण्यासारखं वाढतं, प्रौढ होतं आणि एका ठरलेल्या अंतिम अवस्थेला पोचून थांबतं. ग्लीसन नावाच्या दुसऱ्या शास्त्रज्ञाने १९२६ मध्येच याला हरकत घेतली होती. तो म्हणाला, ठरलेलं असं काही नसतं. जवळपास कुठलं बी आहे, कोणतं पहिलं पोचलं, आग लागली का, पूर आला का, यावर सगळं अवलंबून. आज अभ्यासक बरेचसे त्याच्या बाजूने आहेत. पट्टी पाहून मलाही तेच पटलं. ती शंभर वर्षांत साग-ऐनाचं रान होईल असं मी म्हणत नाही. आसपास ऐनाचं बीच राहिलेलं नाही, येणार कुठून? पण जे काही व्हायचं ते होत आहे, आणि ते मागे नेणं एका दिवसाचं काम आहे.

पार्किंगची अडचण खरी आहे, हे मी मान्य करतो. पंचवीस वर्षांपूर्वी आपल्याकडे दोन गाड्या होत्या, आज एकतीस आहेत. रात्री ड्यूटीवरून येणाऱ्याला गाडी बाहेर रस्त्यावर लावावी लागते, त्याचा राग मी समजू शकतो. पट्टीत धामण दिसते, लहान मुलांच्या आयांना भीती वाटते, तेही खरं. धामण बिनविषारी आहे आणि उंदीर खाते, हे सांगून भीती जात नाही. पण मी टेपने मोजलं आहे. नाल्याची कडा सोडली तर त्या पट्टीत सहा गाड्या बसतील, त्याही एकामागे एक. सहा गाड्यांसाठी सतरा झाडं. शिवाय १९७५ च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. आणि पेव्हर ब्लॉकवर पडलेलं पाणी जाणार कुठे, हे मीटर रूमला विचारा.

माझी सूचना अशी आहे. पट्टीच्या रस्त्याकडच्या टोकाला, जिथे अजून नुसतं गवत आहे, तिथे दोन गाड्यांची जागा करावी. मधून तीन फुटांची पायवाट ठेवावी, म्हणजे नजर पडते आणि भीती कमी होते. सुबाभूळ आणि गाजरगवत वर्षातून दोनदा हाताने काढावं, जेसीबी नको. बाकी पट्टीला पंचवीस वर्षांची मुदत ठेव समजावं आणि मोडू नये. सभेने वेगळा निर्णय घेतला तर तो मला मान्य असेल, मी पन्नास वर्षं नियमातच काम केलं आहे. पण मत देण्याआधी प्रत्येकाने एकदा मागे जाऊन यावं एवढी विनंती आहे.

सभेच्या आधीच्या रविवारी सकाळी सात वाजता मी मागच्या गेटपाशी डायरी घेऊन उभा असेन. पायात बूट घालून या, आणि नातवंडांना घेऊन या. जांभळाचं झाड कुठलं ते मी दाखवीन. त्याच्या बुंध्याशी यंदा पडलेल्या बियांची नऊ रोपं उगवली आहेत, तेवढी पाय जपून टाका.